खांबाजवळचं टेबल

त्या संध्याकाळी मी जेवायला गेले, तर माझ्या टेबलाला पडदा लागला होता.

हिरव्या कापडावर पिवळी पानं. खांबापासून भिंतीपर्यंत तार ताणलेली आणि तिच्यात ओवलेला तो नवाकोरा पडदा. कापडाचा वासही गेला नव्हता. भाग्योदय हॉटेलचे मालक नाळे अण्णा हातात पक्कड घेऊन शेजारीच उभे होते. माझीच वाट बघत असावेत.

"या बाई, या. आता बिनघोर जेवा. कुनाची नजर पडायची न्हाई."

"अहो, एवढा खटाटोप कशाला?" मी म्हटलं.

"खटाटोप कसला त्यात? आमच्या मंडळींनी घरीच शिवलाय. परवा ती वाळूच्या गाडीवरची मानसं तुमच्याकडं बघत बसली हुती, मला माझा घास गिळवंना. म्हटलं, परक्या मुलखातली लेक हाय, आपल्या हॉटेलात तिला तरास नको."

 मी आत जाऊन बसले. अण्णांनी ताट ठेवलं आणि जाताना पडदा नीट ओढून घेतला. समोर खतांच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यावर एक बैलजोडी होती. त्या बैलांकडे बघत मी भाकरी खाल्ली आणि सबंध जेवणभर मला रडू येत होतं.

का, ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

सहासष्ट साली मी अकोल्याहून फलटणला आले. कालव्याच्या कचेरीत ट्रेसरची नोकरी लागली होती. ट्रेसर म्हणजे मोठ्या साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची. या कामात बोलायचं नसतं. बोलताना हात हलतो. साडेदहा ते साडेपाच मी मान खाली घालून कालवे काढत असे. कचेरीत बाई अशी मी एकटीच, त्यामुळे पुरुषमंडळी माझ्यापासून दोन हात लांबूनच चालत. आई गेलेली, भाऊ आपल्या संसारात. चोवीस वर्षांची होते आणि गावात माझ्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं.

खोली मिळाली ती स्टोव्ह न पेटवण्याच्या अटीवर. आधीच्या भाडेकरूने म्हणे छत काळं केलं होतं. मग खानावळीचा डबा लावला. खोलीला खिडकी एकच, तीही बोळात. मी भिंतीकडे तोंड करून डबा खायचे. तीन आठवड्यांनी एका रविवारी माझ्या लक्षात आलं की शनिवारी दुपारपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. घसा चालतो की नाही हे बघायला मी मोठ्याने माझंच नाव घेतलं. "कुंदा सोनटक्के." आवाज खोलीत असा काही घुमला की मी चपला घातल्या आणि बाहेर पडले.

भाग्योदयमध्ये शिरले तेव्हा सगळ्यांचे घास हातातच राहिले. बाईमाणूस एकटं हॉटेलात जेवायला येतं, हे त्या गावाने तोवर बघितलेलं नव्हतं. गल्ल्यावरून अण्णा उठले. त्यांना वाटलं, मी पत्ता विचारायला आले आहे.

"जेवायचंय," मी म्हटलं.

अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भरलेल्या हॉटेलाकडे. मग खांब आणि भिंत यांच्यामधलं टेबल फडक्याने पुसलं आणि म्हणाले, "बसा."

तेव्हापासून ते माझं टेबल. रोज साडेसातला. आठ-दहा दिवसांत लोक मला सरावले आणि पुन्हा आपापलं बोलायला लागले. खांबाच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, दोघेजण रोज बसायचे. एक देशमाने कंपाउंडर, दवाखान्यातून निवृत्त झालेले विधुर गृहस्थ. पांढरी टोपी, कोटाच्या खिशात चष्म्याची डबी. दुसरे बाबालाल मुलाणी, साखर वाहणाऱ्या ट्रकचे ड्रायव्हर, अंगाने आडवे आणि बोलायला कमी. कंपाउंडर बोलायचे, मुलाणी "मग पुढं?" म्हणायचे. अगदी पानसुपारी द्यावी तसं, वेळेवर.

आणि कंपाउंडर काय बोलायचे! कुणाला विंचू चावला, कुणाचं नाक कुस्तीत वाकडं झालं, कुणी घोड्याचं औषध स्वतः पिऊन तीन दिवस धावत सुटला. मी ताटाकडे बघत जेवायचे, पण कान सगळे तिकडे. हसू आलं तर पदर तोंडाशी धरायचे. आमचं बोलणं म्हणाल तर एका शब्दाचं. शेंगदाण्याची चटणी त्यांच्या टेबलावर असायची. ताट आलं की कंपाउंडर माझ्याकडे न बघता हात लांबवून ती वाटी माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "घ्या."

बस, एवढंच. दिवसभरात माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोललेला तेवढा एक शब्द. पण त्या एका शब्दावर माझा दिवस निघायचा. कचेरीत शाई वाळताना मी घड्याळ बघायचे ते साडेसातसाठी.

पडदा लागला त्याच्या आदल्या दिवशी कंपाउंडरांची एका पैलवानाची गोष्ट रंगात आली होती. पैलवानाचं लग्न ठरलेलं, मुलीकडच्यांनी बोटात सोन्याची अंगठी घातलेली. कुस्तीच्या वेळी अंगठी काढली, पण लंगोटाला खिसा कुठला? ठेवली गालात. प्रतिस्पर्ध्याने उचलून आपटला आणि अंगठी गेली पोटात. शेवटी कुस्ती जिंकला, पण रडत दवाखान्यात आला. कारण दोन दिवसांनी सासरा भेटायला येणार आणि पहिली नजर बोटावर जाणार.

"मग पुढं?" मुलाण्यांनी विचारलं.

"पुढचं उद्या," म्हणून कंपाउंडर हात धुवायला उठले.

आणि दुसऱ्या दिवशी पडदा.

मला वाटलं होतं, दिसलं नाही तरी ऐकू तर येईल. पण चमत्कारिक गोष्ट झाली. पडद्यापलीकडे सगळं हळूहळू थंडावत गेलं. मी समोर होते तेव्हा लोक मला विसरले होते. आता पडद्यामागे बाई आहे, हे प्रत्येकाला सारखं आठवायला लागलं. आवाज खाली आले. कंपाउंडरांचा तर येईनासाच झाला, आणि येता-जाता मान वर करून बघायची माझी हिंमत नव्हती. माझ्या ताटात चटणी आधीच वाढलेली असायची. अण्णांनी तीही सोय केली होती.

मी काय काय उपद्व्याप केले! एकदा पडदा खांबापाशी वीतभर उघडा ठेवला. अण्णांनी येऊन लावला. एकदा मी उकडतंय म्हटलं, तर त्यांनी विणलेला पंखा आणून दिला. एकदा मुद्दाम वाटी पाडली. खणखण आवाज झाला, अण्णा धावत आले, वाटी उचलली आणि पलीकडे कुणी हूं की चूं केलं नाही. पडदा नको, असं एकदा स्पष्ट म्हणायचं होतं. पण ज्या माणसाने बायकोकडून शिवून घेऊन आपल्यासाठी पडदा लावला, त्याला ते कसं सांगायचं? आणि सांगायचं तर काय? की मला त्या दोन पुरुषांचं बोलणं ऐकायचंय?

पंधरवड्याने, बाजारच्या दिवशी, अण्णांनी पडदा बाजूला करून आत डोकावलं.

"बाई, गिरवीचं एक जोडपं आलंय. कारभारी बसतील भायेर, पर त्या माऊलीला तुमच्यासंगं बसवू का?"

बाई आत आली. नाकात नथ, डोक्यावर पदर, हातात बाजाराची पिशवी. खुर्चीवर आधी हाताने दाबून बघितलं, मग बसली. ताट आलं तेव्हा ती त्याच्याकडे नुसती बघतच राहिली.

"जेवा की," मी म्हटलं.

"दुसऱ्याच्या हातचं आयतं ताट, बाई. बारा वरसं झाली बाजाराला येत्येय. आमचं मालक हितं आत जेवत्यात आन् मी भायेर गाडीखाली बसून माझी भाकरी खात्ये. आज ह्यो पडदा बघितला आन् म्हनलं, आता तर मी येनार." तिने आमटी भुरकली आणि डोळे मिटले. "मी हाटेलात जेवले, ह्याच्यावर माझी सासू इस्वास ठेवायची न्हाई."

तिचं सुख बघून मला पडद्याबद्दल काही वाईट बोलवेना. जेवता जेवता तिने विचारलं, "तुमचं मालक भायेर बसल्यात व्हय?"

"नाही. मी एकटीच आहे."

"रोज हितंच जेवता?"

"रोज."

"मग बोलता कुनासंगं?"

मी पडद्याकडे बघितलं. तिने आपल्या पिशवीतून गुळाचा खडा काढला आणि माझ्या ताटात ठेवला.

गिरवीच्या बाईने गावात जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण पुढच्या बाजारला तिघी आल्या. मग सासरी निघालेली लेक आली, कोर्टाच्या कामाला आलेलं कुटुंब आलं. अण्णांचा हुरूप वाढला. पडद्याच्या जागी प्लायवुड आलं, आत दुसरं टेबल आलं आणि एका सोमवारी पेंटरने दारावर लाल अक्षरांत लिहिलं, 'फॅमिली रूम'. पुढे बघता बघता गावातल्या बाकीच्या हॉटेलांनीही अण्णांचं बघून आपापले कोपरे अडवले. फलटणला हॉटेलात सहकुटुंब जेवायला गेलेल्या कुणालाही विचारा, ही खोली कुणासाठी निघाली? कुणाला सांगता येणार नाही. जिच्यासाठी निघाली तिला कुटुंबच नव्हतं.

रंग वाळला त्याच आठवड्यातली गोष्ट. मी साडेसातला गेले तर अण्णा आडवे आले.

"जरा थांबा हां बाई. आत फॅमिली हाय."

"मग मी बसते ना एका कडेला."

अण्णा घुटमळले. "त्ये... नवराबायको हायती, पोरंबाळं हायती. त्यांनी इचारलं, परकं कुनी यायचं न्हाई न्हवं? मी म्हनलो, न्हाई. दहा मिंटं थांबा फकस्त."

मी दाराशी उभी राहिले. आतून मुलांचा कालवा ऐकू येत होता. बाहेर सहा टेबलं मांडलेली आणि त्यातली चार रिकामी. दहाची वीस मिनिटं झाली. लोक माझ्याकडे बघत होते आणि मी भिंतीवरच्या भावफलकाकडे. परत जावं, असं मनात आलं. पण परत कुठे, तर त्या खोलीत, त्या भिंतीसमोर. आणि आज गेले तर पुन्हा इथे पाय टाकायला जमणार नाही, हे मला कळत होतं.

खांबाच्या पलीकडच्या टेबलाशी मुलाणी एकटेच जेवत होते. मी सरळ चालत गेले आणि त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावरची खुर्ची ओढून बसले.

सगळ्यांचे घास पुन्हा हातातच राहिले, पहिल्या दिवशीसारखे. अण्णा लगबगीने आले आणि आवाज दाबून म्हणाले, "बाई, हितं नगा बसू. लोक काय म्हनतील? मी तुमच्यासाठी तर येवढं केलं."

फलटणला आल्यापासून मी पुस्तकी बोलायची सवय केली होती, आमच्या वऱ्हाडी बोलण्याला कचेरीत हसले होते म्हणून. पण त्या वेळी ते सगळं गळून पडलं.

"मले माहीत आहे अण्णा, तुमी माह्यासाठी केलं. पण मले नाही पाहिजे तो पडदा! घरी भिंत आहे, आफिसात भिंत आहे, अन् इथं तुमी भिंत बांधून देली. मी काय फक्त जेवाले येतो का इथं? मी माणसं ऐकाले येतो!"

अण्णांचा चेहरा पडला. तो चेहरा मला अजून दिसतो आणि अजून वाईट वाटतं. ते आत गेले. मला वाटलं, संपलं. पण ते ताट घेऊन आले, माझ्यापुढे ठेवलं आणि फडकं खांद्यावर टाकून गल्ल्यावर जाऊन बसले.

मी मुलाण्यांना विचारलं, "कंपाउंडर कुठे आहेत?"

मुलाणी खाली बघूनच म्हणाले, "त्ये आता हितं येत न्हाईत. पडदा लागला त्याच आठवड्यापास्नं डबा लावलाय. जाताना मीच पोचवतो."

"का? तब्येत बरी नाही?"

"तब्येत झ्याक हाय. म्हनले, मुलाणी, तुला काय सांगू, तुला समदं ठावं हाय. खोलीवर बसून खात्यात. भिताडाकडं बघून."

मी हातातला घास परत ताटात ठेवला. इतके दिवस मी समजत होते की पडद्याच्या आत फक्त मी आहे.

दुसऱ्या दिवशी कचेरीत ट्रेसिंगच्या कापडाचा एक तुकडा उरला होता. नकाशावर कालव्याचं नाव लिहावं तशा सुबक, काळ्याभोर अक्षरांत मी त्यावर लिहिलं, 'पैलवानाच्या अंगठीचं पुढे काय झालं?' संध्याकाळी तो मुलाण्यांकडे दिला. त्यांनी उलटसुलट करून बघितला, वाचला की नाही कळलं नाही, आणि डब्याच्या झाकणाखाली सरकवला.

त्यानंतरच्या संध्याकाळी मी गेले तर खांबाच्या बाहेरच्या बाजूला, मुलाण्यांच्या टेबलापासून हातभर अंतरावर, एक छोटं टेबल मांडलेलं होतं. अण्णा गल्ल्यावरूनच म्हणाले, "तिथं बसा." आवाजात थोडा राग होता. तो पुढेही राहिला, पण टेबल कुणी हलवलं नाही.

पावणेआठला कंपाउंडर आले. इस्त्रीचा सदरा, धुतलेली टोपी. आपल्या जागी बसले, ताटाची वाट बघितली. माझ्याकडे न बघता हात लांबवून चटणीची वाटी माझ्या टेबलावर ठेवली.

"घ्या."

मी घेतली. मग ते मुलाण्यांकडे वळले आणि सबंध हॉटेलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "हां, तर मुलाणी, अंगठी."

"मग पुढं?" मुलाणी म्हणाले.

ती अंगठी चार महिने चालली. पैलवानाला एरंडेल पाजलं, केळी चारली, उलटा टांगला. सासरा आला तर पैलवानाने बोटाला बँडेज बांधून घेतलं. मग म्हणे ती नवरी मुलगीच भावाला घेऊन दवाखान्यात आली आणि बँडेज सोडून दाखवा म्हणून हटून बसली. एखाद्या दिवशी गोष्ट एक पाऊलही पुढे जायची नाही. पैलवान पायरीवर बसला तर बसलेलाच. मी ताट संपलं तरी शेवटचं बोट चाटत रेंगाळायचे. त्या चार महिन्यांत मी कधी त्यांच्याशी बोलले नाही आणि तेही माझ्याशी बोलले नाहीत. तशी रीतच नव्हती. पण रविवारी घसा तपासायची वेळ माझ्यावर पुन्हा आली नाही.

मग बदलीचा हुकूम आला. शेवटच्या संध्याकाळी ताट संपल्यावर मी धीर केला आणि खांबाकडे बघत म्हटलं, "उद्या सकाळच्या गाडीने मी जाते आहे. धुळ्याला."

कंपाउंडरांचं बोलणं थांबलं. त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला, परत काढला, पुसला.

"म्हणजे आज संपवायला पाहिजे," ते म्हणाले.

आम्ही थांबलो.  कंपाउंडरांनी मान हलवली. "नाही. आज नको. कुठल्याही गावी असलात तरी पैलवान दवाखान्याच्या पायरीवर बसलाय, असं समजा." आणि ते हात धुवायला गेले, ते मागच्या दाराने तसेच घरी गेले.

सकाळी स्टँडवर मुलाणी आले होते. त्यांना ट्रक भरायला जायचं होतं, वाटेत थांबले म्हणाले. माझी ट्रंक त्यांनी एका हाताने टपावर चढवली आणि शिडीवरून खाली उतरले.

"बाई, एक सांगू? अंगठी दुसऱ्याच दिवशी सकाळी पडली. एरंडेलानं. धुतली, बोटात घातली आन् पैलवान गेला घरी. सासरा नाय, नवरी नाय, कायबी नाय. मला कंपाउंडरांनी लई वरसांमागं सांगितलंय. दोन वाक्यांत."

मी विचारलं, "मग रोज 'मग पुढं?' कशाला विचारत होता?"

मुलाण्यांनी हाताची धूळ झटकली.

"तुमाला इचारता येत नव्हतं, म्हनून."

कंडक्टरने घंटी मारली. धुळ्यात आणि पुढच्या सगळ्या गावांत मी एकटीच जेवले, आता ऐंशी उलटली तरी एकटीच जेवते. हॉटेलात गेले की वेटर म्हणतो, मॅडम, फॅमिली रूममध्ये बसा. मी बाहेर बसते, खांब असेल तर खांबाजवळ. आणि ताट संपत आलं की मनातल्या मनात म्हणते, मग पुढं?